एका स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: स्कूप, 'लॅब्स' आणि कुपवाडचा पत्ता

नमस्कार दादा,

आमच्या प्रोटीन पावडरवरचा तुमचा रिव्ह्यू त्याच रात्री वाचला. उत्तराला दोन दिवस लागले, कारण एक गोष्ट आधी काट्यावर घालून बघायची होती. तुम्ही लिहिलंय: नाव अमेरिकन कंपनीसारखं आणि माल सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीतला, 33 ग्रॅमचा स्कूप भरतो 28, आणि शेकरमध्ये एवढा फेस येतो म्हणजे आत साबणाचा चुरा असणार.

आधी स्कूप. नव्या लॉटचे चार डबे फोडले. स्कूप भरून वरून सुरीनं सपाट केला, तर तीनदा 28 आणि एकदा 29. तुमचं बरोबर निघालं. स्कूप बाहेरून येतात. या वेळी साचा बदलून आला आणि आम्ही ते नुसते मोजून घेतले, भरून बघितलेच नाहीत. डब्यात माल किलोभरच आहे, तो कमी नाही. पण एका स्कूपला 24 ग्रॅम प्रोटीन छापलं आणि तुमच्या पोटात जेमतेम 20 गेलं. चूक आमची.

आता नाव. पहिल्या वर्षी डब्यावर साधं मराठी नाव होतं. जिममधली पोरं डबा उचलायची, फिरवून बघायची आणि परत फळीवर ठेवायची. मग डिझायनरनं इंग्रजी नाव दिलं, त्याला 'लॅब्स'चं शेपूट लावलं आणि पुढं एक गोरा बॉडीबिल्डर चिकटवला. खप वाढला, खोटं कशाला सांगू. तालमीतले वस्ताद डबा बघून म्हणाले होते, "ह्यो कुठल्या तालमीचा रं?" तेव्हा हसण्यावारी नेलं.

आमच्याकडं लॅब नाही. मिक्सर, भरायचं मशीन, सील, एवढाच कारखाना. तपासणी बाहेरच्या लॅबमध्ये होते. त्यामुळं पुढच्या लॉटपासून 'लॅब्स' जातंय, गोराही जातोय. कुपवाडचा पत्ता मात्र मागच्या बारीक अक्षरांतून पुढच्या बाजूला येणार. हिंदकेसरी मारुती माने याच जिल्ह्यातले. संकेत सरगर सांगलीचाच, 2022 ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमधून वेटलिफ्टिंगच्या 55 किलो गटाचं रौप्य घेऊन आला. आणि आम्ही इथला पत्ता लपवत बसलो.

साबणाचं मात्र मान्य नाही. व्हे, म्हणजे दुधातून निघणारं प्रोटीन, जोरात हलवला की फेस येतोच, प्रोटीनचाच तो गुण. दोन मिनिटं ठेवा, बसतो. हिशोब सांगतो: 33 ग्रॅममध्ये 30 ग्रॅम 80 टक्केवाला व्हे कॉन्सन्ट्रेट, त्याचं झालं 24 ग्रॅम प्रोटीन. उरलेल्या तिनात कोको, फ्लेवर आणि गोडीसाठी सुक्रलोज. या धंद्यात लबाडी होते ती वेगळ्या जागी. नेहमीच्या टेस्टमध्ये थेट प्रोटीन नाही, नायट्रोजन मोजतात. ग्लायसिन किंवा टॉरिनसारख्या स्वस्त पावडरीतही नायट्रोजन असतो, ती घातली की आकडा आपोआप फुगतो. म्हणून कुठल्याही कंपनीकडं नुसता प्रोटीनचा रिपोर्ट मागू नका, अमिनो ॲसिड प्रोफाइल मागा, म्हणजे कुठलं अमिनो ॲसिड किती आहे त्याची यादी. तुमच्या लॉटचं विश्रामबागच्या दुकानात काउंटरवरच ठेवलंय, फोटो काढून न्या. डब्यावरचा 14 आकडी एफएसएसएआय नंबर, म्हणजे खाद्यपदार्थाच्या परवान्याचा नंबर, त्यांच्या फॉसकॉस वेबसाइटवर टाकून बघा.

यासाठी तासगावहून मुद्दाम येऊ नका. तुमच्या जिमला शुक्रवारी आमची गाडी येते, पोरगा बरोबर मापाचा स्कूप देईल. डबाच नको असेल तर फोडलेला असला तरी त्याच्याकडं द्या, पैसे त्याच दिवशी परत मिळतील. बिल हरवलं असलं तरी चालेल, झाकणावरचा लॉट नंबर पुरे.