कोन्स्टान्झची सीमा उघडी आहे, कस्टम माफ नाही

‘कोन्स्टान्झला सीमेवर कुंपणच नाही, जर्मनीतून स्वित्झर्लंडमध्ये हवी तेवढी खरेदी न्या’ असा मेसेज फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. स्विस सीमेला लागून असलेल्या या जर्मन शहरात सरोवराकाठचं कुंपण काढून तिथे 22 शिल्पं उभारलीत. त्यांच्यामधून चालत पलीकडे क्रॉयत्सलिंगेन या स्विस शहरात जाता येतं. फार सुंदर जागा, जरूर बघा. पण स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये (आपसांतल्या सीमांवर एरवी पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) असला तरी युरोपीय संघाच्या कस्टम व्यवस्थेत नाही. स्विस कस्टमच्या नियमांनुसार 1 जानेवारी 2025 पासून माणशी, दिवसाला 150 फ्रँकपर्यंतच माल करमुक्त नेता येतो (आधी 300 होते). त्यावर गेलात तर फक्त वरच्या रकमेवर नव्हे, सगळ्याच मालावर व्हॅट लागतो. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका; आधी पाठवला असेल तर त्याच लोकांना हा आकडा कळवा.