भंगारवाले काका आणि शंभर किलो

सकाळपासून डोकं फिरलंय. उतरायच्या आत लिहून टाकते, नंतर हवं तर डिलीट करीन.

सहा महिन्यांपूर्वी आमच्या पार्किंगमध्ये एक हिरवा डबा आला. ई-कचऱ्याचा. नारळ फुटला, चेअरमन डब्याला टेकून फोटोत हसले, ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. त्याच आठवड्यात गेटवर पाटी लागली, 'फेरीवाले व भंगारवाले यांना प्रवेश नाही'. आता डबा वाहतोय. मेलेले मोबाइल, राउटर, कुणाचा तरी मिक्सर, सीएफएलचे दिवे आणि हो, केळ्याची सालं. ज्यांनी डबा ठेवला त्यांना आज फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, मिनिमम शंभर किलो असेल तरच गाडी निघते."

शंभर किलो! मोबाइलच भरायचे म्हटलं तर पाचशे लागतील. आमची बिल्डिंग चोवीस फ्लॅटची आहे हो.

मला बाबांचा टीव्ही आठवला. २०१२ च्या आसपासची गोष्ट. एकवीस इंची, मागे कुबड असलेला डबा टीव्ही. भंगारवाल्या काकांनी दीडशे रुपये मोजले आणि तिथेच, मागच्या जांभळाखाली, बसकण मारली. पिक्चर ट्यूबच्या मानेवर हातोडीचा एक टोला. फस्स करून हवा आत शिरली. मग तांब्याची कॉइल पिशवीत, बोर्ड पिशवीत, खोका हातगाडीवर. काच तिथेच टाकून गेले. मी झाडूने गोळा केली, आतून पांढुरकी पूड लागलेली, आणि रोजच्या केरात टाकली. त्या काचेत शिसं असतं हे मला नंतर कळलं.

कित्येक वर्षं मी काकांवर चिडून होते. केवढा अडाणीपणा, वगैरे. आता वाटतं, अडाणी कोण? तांब्याला भाव होता, काचेला नव्हता. कुणी त्या काचेचे किलोला पाच रुपये दिले असते ना, तर काकांनी जांभळाखाली एक कण सोडला नसता. सगळं पाणी इथेच मुरतंय. आणि आपण काय करतो? जनजागृती! पोस्टर स्पर्धा!

कायदा नाही असं नाही. ई-कचऱ्याचे २०११ चे नियम झाले, २०१६ चे झाले, आता २०२२ चे आहेत, १ एप्रिल २०२३ पासून लागू. ज्याने वस्तू बनवून विकली त्याने ठरलेल्या प्रमाणात रिसायकल झाल्याची सर्टिफिकेटं नोंदणीकृत रिसायकलरकडून विकत घ्यायची. २०२४ मध्ये सरकारने त्यासाठी किलोमागे किमान २२ रुपये ठरवले, तर मोठमोठ्या कंपन्या कोर्टात गेल्या. परवडत नाही म्हणे. जाहिरातीत क्रिकेटपटू परवडतो.

पण माझा राग वेगळाच आहे. या नियमांत नोंदणी चौघांची: उत्पादन करणारा, आपल्या ब्रँडखाली विकणारा, दुरुस्त करून परत विकणारा, रिसायकल करणारा. माझ्या दारात येऊन, चार मजले चढून, टीव्ही पाठीवर घेऊन उतरणारा माणूस कुठे आहे यात? राज्य सरकारने या कामगारांची नोंदणी करावी, त्यांना शिकवावं, असं एक कलम आहे, मान्य. आमच्या काकांना विचारलंत का कुणी शिकवलं म्हणून?

आणि हे पुण्यात व्हावं! कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, म्हणजे कचरावेचकांची संघटना, इथे १९९३ पासून आहे. 'स्वच्छ' या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेच्या बायका २००८ पासून दारोदार कचरा गोळा करतात. माणसं आहेत, त्यांना गल्ल्या पाठ आहेत, कुणाच्या घरी काय बंद पडलंय हे आपल्याआधी त्यांना कळतं. त्या २२ रुपयांतले काही या दारापर्यंत येऊ देत. वॉर्डात एक जागा द्या, जिथे काचही वजनावर घेतली जाईल, फुटका दिवाही. शंभर किलोची अट न घालता. फोडायचं काम मशीन असलेल्यांनी करावं, काकांनी फक्त अख्खा टीव्ही आणून द्यावा आणि फोडून मिळाले असते त्याहून जास्त पैसे घेऊन जावं. यात रॉकेट सायन्स काय आहे?

कुणीतरी कमेंटमध्ये लिहीलच, "हेच लोक वायरी जाळतात, अ‍ॅसिडने सोनं काढतात." जाळतात. नाल्याकाठचा तो काळा धूर मीही नाक दाबून पार केलाय. त्याचं समर्थन नाही. पण धूर आधी त्यांच्या पोरांच्या छातीत जातो, आपल्या नंतर.

असो. जरा शांत झाले. काच केरात टाकणारी मीच होते, त्यामुळे फार उंचावरून बोलायचा अधिकार नाही मला.

मघाशी संध्याकाळी काय झालं ऐका. चेअरमननी वैतागून वॉचमनकरवी कुणाला बोलावलं असेल? काकांनाच. पाटीखालूनच आत आले. आता केस पांढरे, हातगाडीच्या जागी टेम्पो. मी म्हटलं, "काका, ट्यूब असली तर फोडू नका हं." ते हसले. "ताई, ट्यूबवाले टीव्ही आता कुठं राहिले?" मग डबा पालथा केला, सालं बाजूला केली, सीएफएल उचलून तसेच परत ठेवले. "ह्याचं काय येत नाय." गुंत्यातून एक चार्जर ओढून काढला, वॉचमनच्या केबिनमधल्या प्लगला लावला, आपला मोबाइल जोडला. चार्जिंगचं चिन्ह आलं.

चार्जर शर्टच्या खिशात गेला. सीएफएल अजून पार्किंगमध्येच आहेत, एकूण अकरा. मी मोजलेत.