मगरी काढल्या की पूर जाईल म्हणे!

काल रात्री आत्याचा फोन. "अरे, तुझी पण सही टाकून देऊ ना?" कसली सही, तर त्यांच्या सोसायटीत कागद फिरतोय, बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीतल्या सगळ्या मगरी पकडून बाहेर काढा म्हणून. कुठून आलं हे? तोच मेसेज, जो हल्ली बडोद्यातल्या आमच्या प्रत्येक मराठी ग्रुपवर "जास्तीत जास्त शेअर करा" करत फिरतोय. मी तीनदा वाचून सोडून दिला होता. पण आत्या गुडघे दुखत असताना जिने चढून सह्या गोळा करतेय म्हटल्यावर गप्प बसवेना.

ज्यांना आला नाही (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात: मगरी बिळं करून काठ पोखरतात म्हणून पूर येतो. सगळ्या पकडून नर्मदेत सोडा. काठावरची झाडी सपाट करा. अहमदाबादच्या साबरमतीसारखा सिमेंटचा काठ बांधा. आणि शेवटी कडी म्हणजे, मगरी आहेत म्हणजे पाणी शुद्धच आहे, प्रदूषणाची नुसती बोंब आहे.

बिळांपासूनच सुरू करतो, कारण अख्खा मेसेज त्या बिळावर उभा आहे. मगरी बिळं करतात, हे खरंय. उन्हाळ्यात गारव्याला त्यातच पडून असतात. पण बिळाने पाणी कसं वाढतं ते कोणी मला समजावून सांगेल का? ऑगस्ट २०२४ ला नदी ३५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी २५ फूट. हे दहा फूट पाणी मगरींनी आणलं? वर पावागढच्या बाजूला धो धो पाऊस, आजवा धरण भरलेलं, शहरात पाऊस वेगळाच, ते सगळं एकाच अरुंद पात्रातून जायचं. ३१ जुलै २०१९ ला तर २४ तासांत जवळपास ५०० मिमी पडला होता. आणि बिळामुळे काठ ढासळलाच असं धरून चाललो तरी नदी रुंदच होईल ना, मग पूर कमी व्हायला हवा! लिहिणाऱ्याने आपलंच वाक्य पुन्हा एकदा वाचलं असतं तरी पुरे होतं.

आत्याची भीती मात्र मी उडवून लावत नाही. ती तळमजल्यावर राहते. २०२४ ची मातकट रेघ तिच्या कपाटामागे अजून आहे, दोनदा रंग दिला तरी उमटते. पाणी उतरल्यावर पार्किंगमध्ये स्कूटरच्या मागे हातभर लांबीचं पिल्लू निघालं, ते प्राणी वाचवणाऱ्या संस्थेच्या मुलांनी ओलं गोणपाट डोळ्यांवर टाकून दोन मिनिटांत उचललं, पण ती दोन मिनिटं आत्या डायनिंग टेबलावर उभी होती. नदीकाठी हल्ले झालेत, माणसं गेलीत, हे पण खरं. पण मगर पार्किंगमध्ये आली ती पुराने आणली, तिने पूर नाही आणला. एवढं उलटसुलट करायचं म्हणजे कमाल आहे.

आता "नर्मदेत सोडा". हे वाचून तर मी हसलोच. जानेवारी २०१९ मध्ये नर्मदेकाठच्याच केवडियाला सी-प्लेन उतरवायचं म्हणून तिथल्या तलावातल्या मगरी पिंजऱ्यात घालून दुसरीकडे हलवत होते. म्हणजे त्यांनी तिथून काढायच्या, आपण तिथे सोडायच्या, मगरींचा बारमाही अपडाऊन! शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यात मगर पहिल्या अनुसूचीत आहे, सोसायटीच्या ठरावाने ती उचलता येत नाही. आणि सोडली म्हणून राहतेच असं पण नाही. ऑस्ट्रेलियात सॅटेलाइट टॅग लावून मगरी हेलिकॉप्टरने लांब नेऊन सोडल्या होत्या, त्याचा अभ्यास २००७ मध्ये छापून आलाय, त्यातली एक ४०० किलोमीटरच्या वर पोहून साधारण वीस दिवसांत घरी परत. ती खाऱ्या पाण्याची जात, आपली नाही, मान्य. पण मगरीला घर कळतं एवढं तरी त्यावरून कळतं.

सिमेंटचा काठ. साबरमती रिव्हरफ्रंटला जे पाणी दिसतं ते नर्मदेच्या कालव्यातून येतं आणि वासणा बॅरेजला, म्हणजे बंधाऱ्याला, अडवलेलं असतं. तिचं आणि आपल्या वळणावळणाच्या विश्वामित्रीचं काय जमणार? आपल्याकडे काठाला घळी आहेत, कोतरं म्हणतो आपण, पुराचं पाणी त्यांत पसरतं, थांबतं, मुरतं. तिथेच मगरी फेब्रुवारी-मार्चपासून मातीत अंडी घालतात, पावसाच्या तोंडावर पिल्लं निघतात. ही कोतरं भरून, कांस (पावसाचं पाणी नदीत नेणारे नाले) बुजवून त्यांवर बांधकामं झाली, पाण्याची जागाच खाल्ली, तेव्हा एकाही ग्रुपवर सह्यांचा कागद फिरला नाही.

आणि हे माझ्या मनचं नाही. राष्ट्रीय हरित लवादाचा २५ मे २०२१ चा विश्वामित्रीवरचा आदेश आहे, तो वाचा. नदीची हद्द आणि पूरक्षेत्र आखा, अतिक्रमणं काढा, झाडं लावा. हो, झाडं लावा. मेसेजवाले म्हणतात सपाट करा. आता दोघांतलं कोणाचं ऐकायचं ते तुम्हीच ठरवा.

झाडीच्या मुद्द्यात पाव हिस्सा खरा आहे, तो देऊन टाकतो. पात्रात पडलेला राडारोडा, प्लास्टिक, पुलाखाली अडकलेला कचरा काढायलाच हवा, त्याने पाणी अडतं. पण मलबा वेगळा आणि काठाची माती धरून ठेवणारी झाडं वेगळी.

शुद्ध पाण्याबद्दल काय लिहू! केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित पट्ट्यांच्या यादीत विश्वामित्री आहे. मगर घाण पाण्यात पण तग धरते, ती काय वॉटर प्युरिफायर आहे? ज्याला पटत नसेल त्याने मे महिन्यात कमाटीबागेच्या पुलावर पाच मिनिटं नाक न दाबता उभं राहून दाखवावं.

हे सगळं आत्याला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बरं बाबा, पण बावीस सह्या झाल्यात, त्यांचं काय करू?" म्हटलं तो कागद ठेव बाजूला. तुमच्या मागच्या कांसाच्या तोंडाशी कोणीतरी टाइल्सचा मलबा ओतलाय ना, त्याचे फोटो काढ, नवीन अर्ज लिहू आणि त्याच बावीस जणांकडे परत जाऊ. रविवारी सकाळी जातोय. जिने मी चढणार, आत्या खाली खुर्ची टाकून बसणार आहे.