अलेखाइनचा निवाडा करताय? आधी १९४१ चे कागद बघा

बुद्धिबळाचा जगज्जेता अलेखाइन ज्यूद्वेष्टा होता का, हा वाद निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, त्याचे डाव पुसून टाका. दुसरा म्हणतो, तेव्हा सगळेच तसे होते. दोघांनाही पुरावा उघडून बघायची सवड नसते.

मार्च १९४१ मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये 'पारिझर त्साइटुंग' या दैनिकात अलेखाइनच्या नावानं लेखमाला आली. सूर असा की आर्यांचं बुद्धिबळ चढाईचं, ज्यूंचं बचावाचं आणि संधिसाधू. स्टाइनिट्झ, लास्कर, निम्झोविच, रेटी, या सगळ्या ज्यू बुद्धिबळपटूंना झोडपलं होतं. युद्धानंतर त्यानं सांगितलं, माझा मजकूर बदलला गेला. ताब्यातल्या शहराचं वर्तमानपत्र म्हटल्यावर हे अशक्य नाही. पण त्याच वर्षी सप्टेंबरात माद्रिदच्या वर्तमानपत्रांना दिलेल्या मुलाखतींतही तोच सूर आहे, आणि स्पेन जर्मनांच्या ताब्यात नव्हता. पॅरिसपुरता चालणारा बचाव तिथे अडतो.

बायकोसाठी, मालमत्तेसाठी, देश सोडायच्या परवान्यासाठी लिहिलं असेल, असंही सांगतात. असेल. पण ते 'का लिहिलं' याचं उत्तर झालं. दबावाखाली लिहिलं म्हणताना लिहिल्याची कबुली येतेच. मग त्याच ओळींसाठी 'मजकूर दुसऱ्यानं घुसडला' असं म्हणता येत नाही. दोन्ही बचाव एकाच दमात मांडणारे बरेच भेटतात, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

'तेव्हाचा काळच तसा' हे मला अजिबात पटत नाही. १९३३ मध्ये जर्मनी सोडावी लागलेला लास्करही त्याच काळातला. १९४६ च्या लंडनमधल्या बुद्धिबळ स्पर्धेचं अलेखाइनला दिलेलं निमंत्रण विरोध झाल्यावर मागे घेतलं गेलं, तो विरोध करणारेही त्याच काळातले.

अमेरिकन जगज्जेता बॉबी फिशर, त्याच्यावरही ज्यूद्वेषाचा आरोप आहे, पण त्याची गोष्ट वेगळी. १९६२ मध्ये 'हार्पर्स' या अमेरिकन मासिकात छापलेल्या मुलाखतीत आपलं बोलणं विपर्यस्त केलं, अशी त्याची तक्रार होती. त्यामुळे तिथलं वाक्य उद्धृत करताना ही तक्रारही सांगायला हवी. ११ सप्टेंबर २००१ ला फिलिपाइन्सच्या रेडिओवर तो ज्यूंविरुद्ध जे बोलला, ते मात्र त्याच्याच आवाजात आहे; तिथे वादाला जागा नाही. त्याची आई ज्यू होती, म्हणून तो द्वेष द्वेष ठरत नाही, असंही नाही. आणि ध्वनिफितीवरून त्याच्या आजाराचं निदान करायच्या भानगडीत कुणी पडू नये.

डाव पुसायचं म्हणाल, तर बाडेन-बाडेन, १९२५, रेटी विरुद्ध अलेखाइन हा डाव मी प्रत्येक शिकणाऱ्यापुढे ठेवीन. २६ व्या चालीला ई३ वर आलेला काळा हत्ती पाहून आजही श्वास अडकतो. फक्त खाली एक ओळ हवी: याच रेटीवर १९४१ च्या त्या लेखांत चिखलफेक आहे, आणि उत्तर द्यायला रेटी नव्हता, तो १९२९ मध्येच वारला होता.