खरखर टॉवरची म्हणून सोडून देऊ नका, ती शोधता येते

रेडिओ ऐकणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: 'मीडियम वेव्हवर आकाशवाणी लावली की खरखर येते, ती मोबाइल टॉवरमुळे. मेन स्विच पाडून बघा. तरीही थांबली नाही, तर ती टॉवरचीच. उगम शोधायला महागडी यंत्रं लागतात. फार तर विजेच्या खांबाला दणका देऊन बघा.'

शेवटचं वाक्य जिवावर बेतणारं आहे, म्हणून आधी तेच. खांबाला दणका देऊ नका, हातसुद्धा लावू नका. वर काही सैल असेल तर तार सुटून अंगावर येऊ शकते. आणि दणक्याने खरखर थांबली तरी काही सिद्ध होत नाही, कारण हादरा तारेतून शेजारच्या खांबापर्यंत पोचतो.

आता टॉवर. पुणे आकाशवाणी 792 किलोहर्ट्झवर लागते. मोबाइलच्या लहरी सुमारे 700 मेगाहर्ट्झपासून पुढे, म्हणजे जवळपास नऊशे पट वर. फोन रेडिओला चिकटून ठेवला की येणारी टिर्र-टिर्र खरी आहे, पण ती हातातल्या टूजी फोनची. टॉवरच्या पायथ्याशी असलेल्या वीजपुरवठ्याच्या पेटीतून खरखर निघू शकते, हेही मान्य. मग सेलवरचा ट्रान्झिस्टर घेऊन तिथे जा. जवळ जाताना ती वाढायला हवी.

मेन स्विचची युक्ती चांगली आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. स्विच पाडल्यावर खरखर थांबली, तर एकेक एमसीबी चढवत कोणत्या खोलीत आहे ते कळतं. नाही थांबली, तर आधी घरातला इन्व्हर्टर बघा, तो चालूच असतो. मग शेजार. स्वस्त एलईडी बल्ब, चार्जर, सेट-टॉप बॉक्सचा अ‍ॅडॅप्टर, या सगळ्यांत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते. तो गोंगाट आत अडवणारे सुटे भाग पैसे वाचवायला गाळले, की घरातली वायरिंगच अँटेना होते.

आमच्या सोसायटीत रोज संध्याकाळी साडेसहाला घरघर सुरू व्हायची. जिन्यातले दिवे टायमरवर त्याच वेळी लागत. दुसऱ्या मजल्यावरचा एक बल्ब काढला आणि बातम्या स्वच्छ ऐकू आल्या. इतके दिवस सगळे समोरच्या टॉवरला बोल लावत होते, म्हणून त्या बल्बकडे कोणी बघितलंच नव्हतं. मला या मजकुराचा राग येतो तो यासाठी.

वेळ लिहून ठेवा, यंत्राआधी वहीच कामाला येते. उजाडताना सुरू होऊन मावळतीला थांबली, तर गच्चीवरचा सोलर इन्व्हर्टर. कोरड्या हवेत जोर आणि पावसात शांत, तर बहुधा खांबावर काही सैल होऊन ठिणगी पडते आहे. तिची घरघर सेकंदाला 100 ठोक्यांची असते. असा गोंगाट इंटरनेटलाही नडतो, आणि तिथेही वेळच धागा देते. ब्रिटनच्या वेल्समधल्या अ‍ॅबरहोसन गावात रोज सकाळी सातला इंटरनेट कोलमडायचं. केबल बदलली, उपयोग झाला नाही. 2020 मध्ये तंत्रज्ञ पहाटे उपकरण घेऊन गावात फिरले, तेव्हा कारण सापडलं: एका घरात त्या वेळी लागणारा जुना टीव्ही.

आणि महागडी यंत्रं? खिशातल्या ट्रान्झिस्टरमध्ये फेराइट या चुंबकीय पदार्थाचा दांडा असतो, तोच मीडियम वेव्हचा अँटेना. बहुतेक सेटमध्ये तो सेटच्या लांबीला समांतर असतो. स्टेशन नसेल तिथे खरखर लावा आणि सेट आडवा धरून सावकाश गोल फिरवा. एका स्थितीत आवाज एकदम बसतो, म्हणजे जवळजवळ नाहीसा होतो. तेव्हा दांड्याचं टोक उगमाकडे असतं, किंवा बरोबर उलट दिशेला. ती रेघ नकाशावर ओढा. शंभर-दोनशे पावलं बाजूला जाऊन पुन्हा तेच करा. रेघा छेदतात त्या भागात शोध घ्या. जोराच्या आवाजामागे धावण्यापेक्षा बसलेला आवाज अचूक असतो.

विजेच्या तारांजवळ मात्र ही रीत फसवते. खरखर तारेवरून वाहते आणि खालून चालताना चढते-उतरते, त्यामुळे सर्वांत जोराचा खांब दोषी असेलच असं नाही. तिथे शॉर्टवेव्हवर जाऊन काटा वर-वर सरकवत चला. वरच्या फ्रिक्वेन्सीची खरखर फार लांब जात नाही, म्हणून जिथे ती सर्वांत वरपर्यंत ऐकू येते तो खांब खरा संशयित. त्याचा क्रमांक, वेळांची वही आणि मोबाइलवरचं रेकॉर्डिंग घेऊन वीज कंपनीच्या कार्यालयात जा. मग वायरमनला नेमक्या त्याच खांबावर चढता येतं.