काळ्या पडद्याचे प्रयोग

वेबसाइट बनवणाऱ्या मित्रांचा मला हेवा वाटतो. त्यांचा प्रोग्राम चुकला की तो निदान भांडतो तरी. लाल अक्षरांत, ओळीच्या नंबरासकट. ग्राफिक्सचा प्रोग्राम चुकला की अबोला धरतो. खिडकी उघडते, वरच्या पट्टीत आपण हौसेनं दिलेलं प्रोजेक्टचं नाव झळकतं आणि आत काळाकुट्ट अंधार.

या अंधाराला कारणं हजार. प्रोग्राममधला कॅमेरा वस्तूकडे पाठ करून उभा असेल, नाहीतर थेट वस्तूच्या पोटात शिरून बसला असेल. दिवा लावायचाच राहिला असेल. वस्तू त्रिकोण जोडून बनवतात आणि त्रिकोणाचे तीन बिंदू घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं द्यायचे असतात. ते काट्यांच्या दिशेनं दिले तर ओपनजीएलला, म्हणजे चित्र काढून देणाऱ्या सॉफ्टवेअरला, ती त्रिकोणाची पाठ वाटते आणि कलिंग (पाठमोरे त्रिकोण गाळणं) चालू असेल तर पाठ रंगवायची तसदी ते घेत नाही. वस्तूची जागा ठरवणाऱ्या मॅट्रिक्सचा, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यांचा, गुणाकार उलट क्रमानं झाला असेल तर वस्तू अगदी व्यवस्थित काढली जाते, फक्त पडद्याच्या बाहेर. आणि कधी कधी सगळं बरोबर असतं, काळ्या पार्श्वभूमीवर काळी वस्तू रंगवलेली असते एवढंच.

घोडं नेमकं कुठं पेंड खातंय, हे ओपनजीएलला विचारायची सोय आहे. विचारलं की ते म्हणतं, '१२८२'. बस्स. म्हणजे 'अवैध क्रिया'. कुठली, कधी, कोणत्या ओळीत? ते सांगत नाही. चूक झाली तेव्हा त्यानं मुकाट्यानं टिपून ठेवलेली असते आणि आपण विचारेपर्यंत चकार शब्द काढलेला नसतो.

शेडरचं, म्हणजे ठिपक्यांचे रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं, तर त्याहून अवघड. तो जीपीयूवर, म्हणजे चित्रांसाठीच्या वेगळ्या प्रोसेसरवर चालतो, त्यामुळे 'बाबा रे, तुझ्याकडे काय आकडा आलाय' असं प्रिंट करून बघायची सोय नाही. मग चौकशी रंगांतून करायची. आकडा मोठा असेल तर लाल रंगव, लहान असेल तर हिरवा. एका रात्री माझा अख्खा पडदा लालभडक झाला आणि मी खुर्चीवरून उडी मारून ओरडलो. लाल म्हणजे निदान त्रिकोण तरी आहे! शेजारच्या खोलीतला मित्र काय झालं म्हणून धावत आला. त्यानं लाल पडदा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि दार हळूच ओढून घेऊन निघून गेला.

शेवटी काहीतरी दिसायला लागतं आणि ते काहीतरी म्हणजे बहुतेक वेळा चहादाणी असते. १९७५ मध्ये युटा विद्यापीठात मार्टिन न्यूएल यांना मॉडेलसाठी एखादी वस्तू हवी होती. त्यांनी घरातली चहादाणी कागदावर काढली, तिचे बिंदू संगणकात भरले आणि तेव्हापासून या विषयातले विद्यार्थी तीच फिरवत बसले आहेत. मूळ आकडेवारीत तिला बूडच नव्हतं. इतकी बिनबुडाची गोष्ट इतकी वर्षं टिकल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. मी आईला माझी चहादाणी दाखवली. सावली, चकाकी, सगळं. आई म्हणाली, "छान आहे रे. पण ती सारखी फिरतेय का?"

फिरवण्यावरून आठवलं. तीन अक्षांवर कोन दिले की गिंबल लॉक नावाचं दुखणं होतं: एका विशिष्ट स्थितीत दोन अक्ष एकमेकांवर येतात आणि फिरण्याची एक दिशाच गायब होते. त्यावर औषध म्हणजे क्वाटर्निअन, फिरणं चार आकड्यांत मांडायची युक्ती. गणितज्ञ हॅमिल्टनना त्याचं सूत्र १८४३ मध्ये डब्लिनमध्ये पुलाजवळून चालताना सुचलं आणि त्यांनी तिथंच पुलाच्या दगडावर कोरलं. दगडात शिरलं, माझ्या डोक्यात शिरायचंय.

या सगळ्यातून जीव जरा रमावा म्हणून मी डेव्हलपर कॉन्फरन्सला जायला लागलो. तिथं गळ्यात अडकवायचं ओळखपत्र मिळतं. ते नेहमी उलटं फिरतं, त्यामुळे लोक आपल्या छातीवरच्या कोऱ्या कागदाशी आदबीनं बोलतात. टी-शर्ट फुकट असतो, फक्त आपल्या मापाचा नसतो. भिंतीतल्या प्लगपाशी जी गर्दी असते ती व्यासपीठापाशी नसते.

एका वक्त्यानं सांगितलं की सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर प्रत्येक चित्राला जेमतेम १६.६७ मिलिसेकंद मिळतात आणि त्यातले दोन मिलिसेकंद त्यांच्या टीमनं वाचवले. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. कार्यक्रम पाऊण तास उशिरा सुरू झाला होता, ते कुणाच्या गावीही नव्हतं.

मग त्यांनी लाइव्ह डेमो सुरू केला आणि मोठा पडदा काळा पडला.

मला जो आनंद झाला तो सभ्य माणसाला शोभणारा नव्हता. एवढ्या मोठ्या माणसाचाही काळा पडतो! पुढच्याच क्षणी सभागृहातला प्रत्येक जण डॉक्टर झाला. "कलिंग बंद करून बघा!" "निअर प्लेन तपासा!" "शेडर कंपाइल झालाय का?" मागून एक जण क्वाटर्निअन नॉर्मलाइझ करायला सांगत होता. वक्ते घामाघूम होऊन खरोखरच एकेक करून बघत होते. एवढ्यात एक स्वयंसेवक आला, त्यानं प्रोजेक्टरची सैल झालेली केबल आत दाबली आणि गेला.

प्रश्नोत्तरांत माइक हातात आलेले पहिले गृहस्थ म्हणाले, "प्रश्न असा नाही, एक निरीक्षण आहे." ते निरीक्षण चहाच्या सुट्टीपर्यंत चाललं.

सुट्टीत मी त्या वक्त्यांना गाठलं. त्यांनी कानमंत्र दिला: डेमो कधीही लाइव्ह करू नये, आधी रेकॉर्ड करून ठेवावा. हा मंत्र मी प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेला, व्हायव्हाला वापरला. कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर माझा शेडर चालेल याची खात्री नव्हतीच, कारण माझ्या लॅपटॉपचा ड्रायव्हर (जीपीयू चालवणारं सॉफ्टवेअर) कनवाळू आहे, बारीकसारीक चुका पोटात घालतो. व्हिडिओ लावला. चहादाणी झोकात फिरली, चकाकली, सावली पडली. सर खूश झाले. खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "वा! आता कॅमेरा जरा डावीकडे ने बघू."