फेस आला म्हणजे चादर स्वच्छ निघाली असं नाही

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज हटकून येतो: चादरी धुताना मशीनमध्ये व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र घाला, पावडर दुप्पट टाका, पाणी कडकडीत घ्या आणि दिवसभर उन्हात ठेवा, चादर हॉटेलसारखी होईल. यंदा तो मावशीने पाठवला, त्यामुळे तिथे तोंड उघडता आलं नाही.

आधी व्हिनेगर-सोडा. दोन्ही एकत्र आले की फसफसतं आणि वाटतं, मळ सुटतोय. सुटतो तो कार्बन डायऑक्साइड. आम्ल आणि अल्कली एकमेकांचा जोर मारतात. मागे उरलेल्या सोडियम अ‍ॅसिटेटच्या पाण्याने चहाचा डागही हलत नाही. पाणी बोअरचं, जड म्हणजे क्षारांचं असेल तर पावडरीसोबत धुण्याचा सोडा घाला, खाण्याचा नव्हे. व्हिनेगर घालायचंच तर शेवटच्या पाण्यात थोडंसं. आणि ब्लीच वापरलं असेल तर व्हिनेगरची बाटली उघडूच नका, क्लोरीन वायू सुटतो.

दुप्पट पावडर? धुऊन वाळलेली चादर बादलीभर साध्या पाण्यात चोळून बघा. फेस आला, तर इतके दिवस तुम्ही पावडरीवरच झोपत होतात.

कडकडीत पाण्याची गोष्ट अर्धी खरी. ६० अंशांच्या पाण्यात धुळीतले बारीक किडे मरतात. पण हीटर नसलेल्या मशीनमध्ये गिझरचं पाणी ओतलं की गार चादरी ते लगेच निववतात. शिवाय रक्ताचा किंवा दुधाचा डाग गरम पाण्याने पक्का बसतो. आधी गारच पाणी हवं.

खरी अडचण मेसेजमध्ये नाहीच. डबल बेडची चादर मशीनमध्ये फिरून दोरखंड होते आणि अभ्रे, मोजे पोटात घेते. गेल्या आठवड्यात आमच्या इलॅस्टिकवाल्या चादरीच्या कोपऱ्यातून एक मोजा निघाला, जवळपास कोरडा! एका वेळी दोनच चादरी सैल टाका, मध्येच मशीन थांबवून पीळ सोडवा. कंटाळवाणं आहे, पण फरक यानेच पडतो.

आणि ऊन. ऊन चांगलंच, पण दिवसभर ठेवलेल्या रंगीत चादरीचा रंग उडतो. वाळली की काढा. पावसाळ्यात दुहेरी घालू नका. हातभर अंतरावरच्या दोन दोऱ्यांवर तंबूसारखी पसरा, वरून पंखा लावा. काढण्याआधी काठाची शिवण गालाला लावून बघा. गार लागली तर राहू द्या; मधलं कापड केव्हाच वाळलेलं असतं, पण घडीतली ती ओली शिवणच चार दिवसांनी कपाटात कुबट वास सोडते.